ज्याचं मागं, त्याचा चहा

त्या खोलीचं भाडं इतकं कमी होतं की मला आधी संशयच आला. माझी बदली नुकतीच मोताळ्याला झाली होती, जनावरांच्या दवाखान्यात पशुधन पर्यवेक्षक म्हणून. चार घरं पाहून झाली होती आणि चारही घरमालकांनी एकटेच का, लग्न का नाही, खाता काय काय, असं विचारून माझं डोकं उठवलं होतं. या पाचव्या मालकानं एकच प्रश्न विचारला.

"च्या कोण करते तुमचा?"

"मीच. दुसरं कोण करणार?"

"रोज?"

"रोज."

"मंग सुखी माणूस हाये तुमी," असं म्हणून त्यांनी किल्ली माझ्या हातावर ठेवली.

किल्ली घेऊन रस्त्यावर आलो तर शेजारच्या काकू ओट्यावर तूर निवडत बसल्या होत्या. त्यांनी मला हातानंच जवळ बोलावलं.

"घेतली का खोली? घ्या, घ्या. पण आधीच सांगून ठेवते, त्या घरात भाईरचं हाये."

बाहेरचं म्हणजे काय हे आमच्या भागात कोणाला समजावून सांगावं लागत नाही. भूत म्हटलं की ते दारात येऊन उभं राहतं, म्हणून लोक नाव घेत नाहीत, 'बाहेरचं' म्हणतात. काकू म्हणाल्या, "मास्तर सोताच बोलते मोठ्यानं. 'या महिन्यात भाईरचं लय जोरात हाये,' असं. अन् घरात तं दुसरं कोणी नाई. लेकरू नाई, बाळ नाई. बाई जाऊन चार वर्स झाले."

मी मेहकर तालुक्यातला, हिवरा आश्रमाजवळच्या एका खेड्यातला. भुताला मी कधी भ्यालो नाही, भाड्याला मात्र आयुष्यभर भीत आलोय. म्हटलं, भाडं कमी करत असेल तर ते भूत आपल्याच बाजूचं. दुसऱ्या दिवशी ट्रंक आणि गादी घेऊन हजर झालो.

मालक म्हणजे रिटायर झालेले भूगोलाचे मास्तर. सगळं गाव त्यांना सर म्हणायचं आणि सगळं गाव त्यांना टाळायचं. डावं-उजवं हे शब्द त्यांच्या तोंडी नव्हतेच. "डॉक्टर, तुमची चप्पल पलंगाच्या नैर्ऋत्येले हाये," असं म्हणायचे. जेवायला बसलो की, "ते मीठ जरा पश्चिमेले सरकवा." मी डॉक्टर नाही हे मी त्यांना दहा वेळा सांगितलं. ते म्हणायचे, म्हशीला विचारून पाहा. माझ्या बोलण्यावरही त्यांचा डोळा. "तुमी मेहकरकडचे लोक 'मला' म्हणता. 'मले' म्हणाले काय जड जाते? अर्धे मराठवाड्यात पाय तुमचे." आयुष्यभर लोकांच्या लेकरांना अमेरिका, आफ्रिका शिकवली आणि स्वतः नागपूरच्या पलीकडं गेले नाहीत. गेले तेही कसल्याशा प्रशिक्षणाला.

पहिला महिना झकास गेला. सकाळी सहाला पातेल्याचा आवाज यायचा, मग आल्याचा वास, मग दारावर टकटक. "डॉक्टर, च्या." कपात भरपूर साखर. मी मनात म्हणायचो, काय देवमाणूस भेटलाय. दुसऱ्या महिन्याच्या एक तारखेला सगळं बंद. पातेलं नाही, वास नाही, टकटक नाही. सर अंगणात खुर्चीवर डोकं धरून बसलेले. चहाबाज माणसाचा चहा तुटला की कपाळ कसं ठणकतं ते मला ठाऊक आहे. मी म्हणालो, "सर, पावडर संपली का? मी ठेवतो."

"नाई. पाळी तिची हाये."

"कोणाची?"

त्यांनी मला घरात नेलं. स्वयंपाकघराच्या दारावर आतून खडूनं दोन रकाने आखले होते. एकावर 'घ', दुसऱ्यावर 'भा'. खाली बारीक बारीक खुणा, ओळीनं, दाराच्या अर्ध्या उंचीपर्यंत. "घ म्हणजे घरचं. भा म्हणजे भाईरचं," ते म्हणाले. "या महिन्यात भाईरचं जिंकलं."

काकूंचं भूत ते हेच. माझ्या घशात अडकलेलं हसू मी कसंबसं गिळलं, कारण सर हसत नव्हते.

मग त्यांनी मला सगळं सांगितलं, फळ्यापुढं उभं राहिल्यासारखं. "शेअर बाजारातला इंडेक्स फंड म्हणजे काय, तं मोताळ्याचा आठवडी बाजार समजा. कोणाची भाजी चांगली, कोण तराजूत मारते, आपल्याले कळत नाई. मंग एका दुकानापुढं उभंच राहाचं नाई. साऱ्या बाजाराचा चिमूट चिमूट वाटा घ्याचा. बाजार चालला तं आपण चाललो. आता बाजार कोणता घ्याचा, इथं आमच्या दोघायचं भांडण झालं."

बाई, म्हणजे सरांच्या पत्नी, अंगणवाडी चालवायच्या. त्यांचं म्हणणं, घ्यायचा तर आपल्याच देशाचा बाजार घ्यावा. "आपण रुपयात कमावतो, रुपयात खातो, म्हातारपण बी मोताळ्यातच काढाचं हाये. डॉलर काय कढीत टाकू?" सरांचं म्हणणं, अमेरिकेचा घ्यावा. "कढीतच हाये तो डॉलर! तो चढला का डिझेल चढते, तेल चढते, तुह्यं बेसन बी चढते. अन् इकडं मंदी आली तं इथलं सारं एका दमात झोपते. मोताळ्यात गारपीट झाली तं जळगाव जामोदले ऊन असते का नाई?" यावर बाई म्हणाल्या, "असते. पण तिथं कोणतं पीक उभं हाये ते मले काय दिसते? इथले लोक कोणता साबण घेते, कोणती मोटारसायकल घेते, हे मले अंगणवाडीत रोज कळते."

दोघांचंही बरोबर होतं, त्यामुळं भांडण मिटेना. शेवटी पैज लागली. दोघांनी दर महिन्याला सारखेच पैसे घालायचे, बाईंनी देशी फंडात, सरांनी परदेशी फंडात, पंधरा वर्षं. दर महिन्याच्या एक तारखेला बघायचं, गेल्या महिन्यात कोणाचं जास्त वाढलं. ज्याचं मागं, त्यानं महिनाभर सकाळचा चहा करायचा. आणि पंधरा वर्षांनी सगळा हिशोब करून जो हरेल, त्यानं मरेपर्यंत.

सहाव्या वर्षी बाई गेल्या. आजार चार महिन्यांचा.

सरांनी पैज सोडली नाही. बाईंच्या वाटचे पैसे तेच घालायचे, बरोबर तेवढेच. आणि नियमही पाळायचे. देशी फंड पुढं असला की सर हरले, चहा त्यांच्याकडं. तेव्हा ते खूश असायचे, शीळ घालायचे. परदेशी पुढं गेला की ते जिंकले, चहा बाईंकडं. म्हणजे त्या घरात महिनाभर चहा नाही. स्टँडवरच्या हॉटेलातही प्यायचे नाहीत. "तो पैजेत येत नाई," म्हणायचे. स्वतःचे पैसे वाढले म्हणून तोंड पाडून बसणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही.

दूध मात्र रोज यायचं, रतीब बाईंनी लावलेला. चहाला लागायचं नाही त्या महिन्यांत सर त्याचं दही लावायचे आणि गल्लीत वाटायचे. काकूंच्या घरी मग कढीच कढी. पुढं पुढं दह्याचं भांडं हातात पडलं की काकूच विचारायच्या, "या महिन्यात अमेरिका वर हाये वाट्टे, मास्तर?" त्यांना त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं, पण दह्यावरनं त्या बाजार बरोबर ओळखायच्या.

काकूंना हे कळण्याआधी मात्र एक गंमत घडली होती. बिचाऱ्या मास्तरच्या मागचं बाहेरचं काढावं म्हणून काकूंनी माहेरच्या एका जाणत्याला बोलावलं. तो लिंबं, नारळ, राख घेऊन आला. मी दवाखान्यातून जेवायला आलो होतो, म्हणून मला सगळं ऐकायला मिळालं. सरांना वाटलं, फंडाची चौकशी करायला कोणी आलाय. त्यांनी पाणी दिलं, पंखा लावला.

"भाईरचं कवापासून हाये?" त्यानं विचारलं.

"दहा वर्स झाले असन."

"कुठून आलं?"

"अमेरिकेहून."

तो जरा मागं सरकला. "तरास कवा देते?"

"वर गेलं का देते. खाली आलं का मले बरं वाटते."

"काढून टाकाचं का आज?"

"आज काढलं तं नुकसान होईन," सर गंभीरपणे म्हणाले. "पंधरा वर्स ठेवाचं ठरलं हाये. अन् काढाचं असन तं अर्ज करावा लागते, तीन-चार दिवस जाते."

त्यानं लिंबं पिशवीत भरली आणि नारळ तिथंच सोडून निघाला. मग मी काकूंना ते खडूचे रकाने समजावून सांगितले, तेव्हा त्या पदर तोंडात धरून हसल्या, मीही पोट धरून हसलो. पण 'वर गेलं का तरास देते' हे त्यांनी किती सरळपणे सांगितलं होतं, ते संध्याकाळी आठवलं आणि मला कसंतरीच झालं.

मी काही शांत माणूस नाही. दिवसभर गोठ्यांतून फिरायचं, बैलांच्या लाथा चुकवायच्या आणि घरी आलं की हा उपाशी माणूस डोकं धरून बसलेला. एकदा मी चिडलोच. म्हणालो, "सर, माणूस गेलं की पैजही जाते. विका ते दोन्ही फंड आणि सकाळी चहा प्या."

"माणूस गेलं," ते म्हणाले. "पैज कुठं गेली? पैसे तं दर महिन्याले जाते."

आठ दिवस माझ्याशी बोलले नाहीत. नवव्या दिवशी दारात येऊन म्हणाले, "तुमची किल्ली खिडकीच्या पूर्वेले पडली हाये," तेव्हा मला कळलं, राग गेला.

मध्येच एकदा परदेशी फंडानं नवे पैसे घेणंच बंद केलं. परदेशात किती पैसे लावायचे यावर वरून कसलीशी मर्यादा आली होती. मला वाटलं, आता तरी बाईंचं पारडं जड होईल, सरांना चहा मिळेल. तर या माणसानं बाईंचेही पैसे थांबवले. मी विचारलं का, तर म्हणाले, "ती पाहाले नाई, म्हणून मी लांडी करू काय?" आणि आत जाऊन दाराकडं तोंड करून मोठ्यानं बोलले, "माह्यं बंद पडलं हाये. म्हणून तुह्यं बी थांबवलं. चालू झालं का दोन्ही संगं चालू करू. चिडू नको." मी ओसरीवर बसून ऐकत होतो. ते दार नुसतंच लोटलेलं असायचं, पूर्ण उघडं नाही, पूर्ण बंद नाही.

माझंही वय वाढत होतं, पगार पुरून थोडा उरत होता. मी त्यांना विचारलं, "मी कोणता घेऊ? तुमचा की बाईंचा?"

मला वाटलं आता तासभर सुटका नाही. पण ते पटकन म्हणाले, "तुमी दोन्ही घ्या. घरचं जास्त, भाईरचं थोडं. अन् वीस वर्स उघडून पाहू नका. एकाच बाजूनं उभं राहाले समोर कोणी लागते. ते तुमाले कुठं हाये?" टोमणा होता की काळजी, मला अजून कळलेलं नाही. मी दोन्ही घेतले, आणि त्यांच्याच सांगण्यानं अजून उघडून पाहिलेले नाहीत.

तीन वर्षांनी माझी बदली जळगाव जामोदला झाली. निघताना काकूंकडं शेवटची कढी प्यायलो. त्या म्हणाल्या, "मास्तरले सांभाळून बोलत जा फोनवर. एक सांगू काय तुमाले? ती बाई असताना बी तिनं कवा च्या केला नाई. हारली तरी नाई. अंगणवाडीची घाई, रजिस्टरं, लेकरायचा खाऊ. बारा महिने मास्तरच करे." माझ्या हातातली वाटी तशीच राहिली. म्हणजे बाई होत्या तेव्हा हा माणूस जिंकला तरी स्वतः चहा करत होता, आणि आता बाई नाहीत तर त्यांची पाळी म्हणून उपाशी राहतो. मला त्याचा अर्थ लागेना. विचारायचं धाडस त्या दिवशी झालं नाही.

फोन मात्र चालू राहिले. दर एक तारखेला. "डॉक्टर, घरचं," असं म्हणाले की मला बरं वाटायचं. "डॉक्टर, भाईरचं," म्हणाले की मी माझा कपही खाली ठेवायचो. असे दोन वर्षं. मग एकदा फोन आला, "येत्या एक तारखेले पंधरा वर्स भरते. तुमी या. साक्षीदार लागते."

मी रजा टाकली, नांदुऱ्याला गाडी बदलली आणि साडेअकराला मोताळ्यात उतरलो. सरांनी इस्त्रीचा सदरा घातला होता. टेबलावर दोन कप होते, बशीसकट, पुसून लख्ख केलेले. गॅसवर पातेलं, त्यात पाणी मोजून घातलेलं, पण गॅस पेटवलेला नाही. केस पार पांढरे झाले होते आणि ते चाळीस वर्षांच्या मास्तरासारखे ताठ बसले होते.

"हारलो पाह्यजे, डॉक्टर," ते म्हणाले. "हारलो तं रोज च्या करता येईन, मरेपर्यंत. तिच्या नावानं. जिंकलो तं मंग संपलं."

मोबाईल त्यांनी माझ्याकडं दिला. मी दोन्ही आकडे वाचले, परत वाचले. परदेशी पुढं होता. थोडाथोडका नाही, चांगलाच.

"भाईरचं," मी म्हणालो.

मलाच राहवेना. मी म्हणालो, "थांबा सर, असा कसा हिशोब? हातात किती येतं ते मोजायचं. कर धरला का? बाहेरच्यावर कर जास्त बसतो. फंडाचा खर्चही जास्त असतो."

त्यांचे डोळे चमकले. "खर्च तं त्या आकड्यात कापूनच येते. पण कर राह्यला, बरोबर हाये. ती बी म्हणे, हातात किती येते ते सांगा."

मग आम्ही दोघं बसलो. कागद, पेन, माझा मोबाईल. एकाला जिंकल्याचं दुःख आणि दुसरा त्याला हरवायला रजा टाकून आलेला. कर कापला, अंतर कमी झालं. जास्तीत जास्त जो कर बसू शकेल तो धरला, अंतर आणखी कमी झालं. विकायचा खर्च धरला. पैसे थांबवले होते ते महिने पुन्हा तपासले. दुपारचे तीन वाजले. सगळं कापून, सगळं ओरबाडूनही परदेशी पुढंच राहिला. सरांनी पेनाला टोपण लावलं, उठून दारापाशी गेले आणि 'भा'च्या खाली खडूनं शेवटची खूण केली.

मला ते बघवेना. मी म्हणालो, "नवी पैज लावू, सर. पंधरा वर्षांची. बाईंच्या बाजूनं मी उभा राहतो. घरचं माझं, बाहेरचं तुमचं. मी हरलो तर दर एक तारखेला येऊन चहा करीन."

त्यांनी माझ्याकडं वळून पाहिलं. चुकलेलं उत्तर देणाऱ्या पोराकडं बघावं तसं, न रागावता. "तुमी भाईरचे, डॉक्टर," ते म्हणाले. "तुमी घरचं कसं घ्यान?"

आता हे लागलं. खोटं कशाला सांगू, फार लागलं. तीन वर्षं त्या घरात राहिलो, त्यांच्या तापात उशाशी बसलो, दोन वर्षं एक तारीख चुकवली नाही. माझा तोल गेला.

"भाईरचा तं भाईरचा!" मी ओरडलो. "पण मले सारं माईत हाये. बाई हारल्या तरी कवाच च्या करत नव्हत्या. तुमीच करत होते. मंग हा उपास कायचा? कोणाची वाट पाहून राह्यले तुमी?"

बोलून गेल्यावर जीभ चावली. 'मला' जाऊन तोंडात 'मले' आलं होतं, ते त्यांच्याही लक्षात आलं असावं, कारण ते किंचित हसले. मग खुर्चीवर बसले.

"काकूनं सांगतलं?"

"हो."

"खरं हाये," ते म्हणाले. "एक दिवस बी केला नाई तिनं. पण मी इथं पेपर घेऊन बसाचो अन् विचाराचो, झाला का वं? अन् आतून आवाज याचा, 'ठेवून राह्यली नं!' मंग अर्धा तास काईच नाई. ती आत लेकरायच्या हजेरीचं रजिस्टर लिहित बसे. मी पुन्हा विचारो, ती पुन्हा म्हणे, 'ठेवून राह्यली नं!' शेवटी मीच उठाचो अन् ठेवाचो, ते सोडा. सहा वर्सात भाईरचं जिंकलं का मले एवढंच भेटे. च्या नाई, डॉक्टर. तिचं तेवढं म्हणणं."

'ठेवून राह्यली', म्हणजे आमच्याकडं 'ठेवतेच आहे' म्हणतात ते.

"आता मी उठून ठेवला का तिची पाळी संपते," ते म्हणाले. "मी बसलो हावो तवर ती ठेवूनच राह्यली."

पातेलं गॅसवर तसंच होतं. मला उठून काडी ओढता आली असती, दहा पावलांचं अंतर. मी उठलो नाही. मी माझी खुर्ची त्यांच्या बाजूला ओढली, उत्तरेला, आणि बसलो. बाहेर काकू कोंबड्यांना हाकलत होत्या. मग सरांनी लोटलेल्या दाराकडं बघत, अगदी रोजच्या आवाजात विचारलं, "झाला का वं?"

आणि आम्ही दोघंही ऐकत राहिलो. पाच वाजताची नांदुऱ्याची गाडी मी जाऊ दिली.